घरचे आत आहेत

१

चंद्रहास गर्गे मूळचे नाशिकचे, पण कुवेतमध्ये त्यांना आता बावीस वर्षं झाली होती. मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत ते पाइपांची जाडी मोजायचे. बाहेरून धडधाकट दिसणारा पाइप आतून किती झिजलाय ते यंत्र लावून बघायचं, आकडा लिहायचा आणि पुढच्या पाइपकडे वळायचं. साडेचारला सुटी, पाचच्या सुमारास मंगफमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, मग कुकर, बातम्या, झोप. शुक्रवारी कपडे, शनिवारी भाजी. या क्रमात गेल्या कित्येक वर्षांत बदल झाला नव्हता आणि व्हावा असं त्यांना वाटतही नव्हतं.

लग्न राहून गेलं होतं. कुणी एक होती आणि ती दुरावली, असं काही नव्हतं. आधी बहिणीचं व्हायचं होतं, मग आईचं आजारपण निघालं, मग ही नोकरी. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणता म्हणता लोकांनी विचारायचं सोडलं.

त्यांच्याकडे हक्काने येणारा माणूस एकच, फारूक परकार. मूळचा रत्नागिरीचा. कुवेत शहराजवळच्या राई भागात त्याचं तंबू शिवायचं दुकान होतं. हिवाळा लागला की कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च फारूकला श्वास घ्यायला फुरसत नसे. तरी जानेवारीतल्या एका गुरुवारी त्याने फोन केला.

“गर्गेसाहेब, उद्या माझ्यासंगती चला. सालमी रोडला एक म्हातारा बदू हाय, अबू फलाह. वाळवंटात उंट पाळतो. त्याच्या तंबूचा मधला पडदा शिवून झालाय, तो पोचवायचाय. रात तिथंच काढू. तुमी बावीस वर्सं इथं हात, पण वाळवंट बघितलंय का कधी?”

“रोज बघतो की. कुंपणाच्या पलीकडे तेच असतं.”

“ते नव्हं. चला गप.”

गर्ग्यांनी कपडे गुरुवारीच धुऊन टाकले.

२

फारूक पुढे पिकअपमध्ये, मागच्या हौद्यात पडद्याची जाड गुंडाळी, आणि मागोमाग गर्गे आपल्या पांढऱ्या गाडीत. शेजारच्या सीटवर त्यांनी मिठाईचा खोका ठेवला होता. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नाही, ही घरची शिकवण. जहरा शहर मागे पडलं, विजेच्या तारांचे मनोरे सुरू झाले, मग तेही विरळ झाले. एका बंद टायरच्या दुकानापाशी फारूकने डावीकडे कच्च्या वाटेला गाडी घातली. तिथून दहा-बारा किलोमीटर नुसती करडी जमीन, मधूनच एखादं खुरटं झुडूप.

तंबू लांबलचक होता, काळसर, एका बाजूने उघडा. मागे पाण्याची टाकी, जनरेटर, उंटांचं कुंपण. अबू फलाह उंच, वाळलेला, पासष्टीचा माणूस. त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे फारूकच्या नाकाला नाक लावलं आणि गर्ग्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन कितीतरी वेळ काही बोलत राहिला. ‘मुहंदिस’, म्हणजे इंजिनिअर, एवढा एकच शब्द गर्ग्यांना कळला.

सगळे मिळून पडद्याची गुंडाळी उतरवत असताना तंबूच्या दुसऱ्या टोकाकडून काळ्या कपड्यांतली एक बाई आली, गर्ग्यांच्या गाडीपाशी थांबली आणि शेजारच्या सीटचं दार उघडून वाकून काहीतरी बोलली. मग दार लागल्याचा आवाज आला. गर्ग्यांना वाटलं, मिठाईचा खोका नेला असेल.

काम झाल्यावर चष्मा आणायला ते गाडीकडे गेले, तेव्हा खोका तिथेच होता. फक्त मागच्या सीटवर, नीट सरळ ठेवलेला. आपण पुढे ठेवला होता की मागे, याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मागेच ठेवला असेल, असं ठरवलं आणि खोका उचलून तंबूकडे आले.

३

नवा पडदा तंबूच्या बरोब्बर मधे लागला. लाल-काळ्या विणीचा, चांगला जाड, वरपासून जमिनीपर्यंत. अलीकडे पुरुषांची बैठक, शेकोटी, कॉफीच्या किटल्या. पलीकडे बायकांची बाजू. पलीकडे परक्या पुरुषाने जायचं तर नाहीच, पण डोकावायचंही नाही, हे फारूकने येतानाच बजावलं होतं. अबू फलाहची म्हातारी आई, बायको आणि नर्सिंग शिकणारी मुलगी मुनीरा, अशा तिघीजणी तिकडे होत्या.

वेलचीची कडवट कॉफी झाली. ऊन उतरलं तशी थंडी एकदम वर आली. अबू फलाहने गर्ग्यांच्या खांद्यावर थोपटून पडद्याकडे बोट केलं आणि काही म्हटलं.

“काय म्हणतात?”

“म्हणतो, तुमचे घरचे आत हायत. काळजी करू नका.”

“माझे घरचे?”

फारूक हसला. “ह्या लोकांचं बोलणं असंच असतं. आमचं घर ते तुमचं घर, आमचे घरचे ते तुमचे घरचे. पावनचाराची भाषा हाय ती.”

गर्ग्यांना ते आवडलं. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली.

जेवणाला मोठ्या परातीत भात आणि वर बकऱ्याचं मांस आलं. गर्गे मनातल्या मनात अवघडले, कारण ते शाकाहारी होते आणि ते सांगायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. तेवढ्यात पडद्याच्या कडेखालून एक ताट सरकत आलं. साधा भात, दही, खजूर, पातळ रोटी.

“बरं झालं तुम्ही आधीच सांगितलंत,” ते फारूकला म्हणाले.

“मी? मी कवा सांगितलं? मी तर साफ विसरलो होतो.” फारूकने अबू फलाहला विचारलं. त्याने पडद्याकडे हनुवटी उडवून दोन शब्दांत उत्तर दिलं. “म्हणतो, आतनं सांगितलं. हिंदू इंजिनिअर म्हटल्यावर वळखलं असेल कुनीतरी. पोरगी शिकलेली हाय.”

दह्यात साखर घातलेली होती. गर्गे दह्यात साखर घेतात, हे मुनीराने कसं ओळखलं, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. पण भूक लागली होती, आणि दह्यात साखर जगात पुष्कळ लोक घेतात.

पलीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. गर्ग्यांना मोजायची सवय. एक आवाज म्हातारा, घोगरा. एक भारदस्त. एक कोवळा. आणि मधूनच एक चौथा, अगदी हलका, जपून हसणारा.

४

जेवण संपतंय तोवर फारूकचा फोन वाजला. रेंज तुटक होती. बाहेर जाऊन, टाकीच्या चौथऱ्यावर चढून तो बोलला आणि परत आला तो जोडे घालतच. त्याच्या बायकोला, बिल्कीसला, चक्कर येऊन पडल्यामुळे शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं.

“मीही निघतो,” गर्गे म्हणाले.

अबू फलाहने ते ऐकूनच घेतलं नाही. अंधारात ही वाट परक्याला सापडणार नाही, आणि जेवलेल्या पाहुण्याने रात्री तंबू सोडून जाणं म्हणजे त्याच्या तोंडाला काळं. फारूकनेही समजावलं. “ऱ्हावा. सकाळी उजेडात निघा. मला तुमची काळजी नको आता. पोरगी इंग्रजी बोलते, काय लागलं तर तिला सांगा.”

पिकअपचे लाल दिवे लांब गेले, लहान झाले आणि विझले. गर्गे बराच वेळ त्या दिशेला बघत उभे होते. चारी बाजूंना काही म्हणजे काहीच नव्हतं. एकटं राहण्याची त्यांना सवय होती, पण त्या एकटेपणाला भिंती होत्या, वर खाली लोक राहत होते, कुणाच्या तरी नळाचा आवाज यायचा. इथे ते नुसते ठेवून दिल्यासारखे होते.

आत आले तेव्हा शेकोटीशेजारी, पडद्याला लागून त्यांची गादी घातलेली होती.

५

अबू फलाह समोर बसून जपमाळ ओढत होता. पडद्यापलीकडून मुलीचा आवाज आला. नीट, शाळेत शिकलेलं इंग्रजी.

“सर, मी मुनीरा. वडील म्हणतात, रात्री काही लागलं तर इथूनच हाक मारा.”

“थँक यू. काही लागणार नाही.”

पलीकडे कुजबुज झाली. “सर, त्या म्हणतात दुसरं ब्लँकेट घ्या. तुम्हाला पहाटे थंडी वाजते, पण तुम्ही मागणार नाही, असं म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“तुमच्या मिसेस.”

गर्गे हसले. भाषेचा घोटाळा झाला होता, आणि तो सोडवणं सोपं होतं. “मुनीरा, मी एकटा आलोय. माझं लग्न झालेलं नाही.”

अबू फलाहने मान वर करून मुलीला काहीतरी विचारलं.

“सर,” ती आवाज खाली आणून म्हणाली, “हे मी वडिलांना सांगू का? लग्न झालेलं नसेल तर गाडीतून आणलेली ही बाई कोण, असं ते विचारतील. माझी आई स्वतः त्यांना दार उघडून आत घेऊन आली. आजीने त्यांच्याबरोबर एका ताटात जेवण केलंय. तुमचं भांडण झालं असेल तर असू दे, पण असं बोलू नका.”

अबू फलाह बघत होता. गर्गे म्हणाले, “नको. सांगू नकोस.”

मुनीरा वडिलांना काहीतरी दुसरंच बोलली. म्हातारा हसला आणि पुन्हा माळ ओढू लागला.

गर्गे विचार करू लागले. बिल्कीस पडली हेच मुळात खरं की खोटं? फारूकने रचलेली थट्टा असेल. पण फारूक असल्या थट्टा करणारा नव्हता, आणि फोन आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग दुसरं काय? जवळच्या कुठल्या तंबूतली बाई वाट चुकून आली असेल. पण गाडीतून? त्यांच्या गाडीतून?

“त्यांना माझ्याशी बोलायला सांग,” ते म्हणाले.

कुजबुज. “नको म्हणतात. घरात कधी बोललो नाही, आता एकदम कसं बोलू, असं म्हणतात.”

“दिसायला कशा आहेत?”

“सर!” मुनीराचा आवाज दुखावलेला होता. “आमच्यात असं विचारत नाहीत. आणि तुम्हाला ठाऊक नाही?”

“बरं, त्या कुठल्या भाषेत बोलतात, ते तरी सांग.”

“आजीशी आमच्यासारखं बोलतात. माझ्याशी...” ती थांबली. “माझ्याशी... मला कळतं ते. मी लक्ष दिलं नाही, सर.” तिचा आवाज किंचित हलला होता. मग, जणू विषय बदलावा म्हणून, तिने विचारलं, “‘आलो गं’ म्हणजे काय?”

गर्ग्यांनी पडद्याकडे मान वळवली.

“त्या सांगतात, तुम्ही रोज संध्याकाळी दार उघडलं की असं म्हणता. बावीस वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही म्हणतात. आजीला फार आवडलं ते. अर्थ काय त्याचा?”

त्याचा अर्थ काही नव्हता. वडील कामावरून येताना उंबऱ्यात तसं म्हणायचे आणि आतून आई ‘हं’ म्हणायची. कुवेतमधल्या पहिल्या महिन्यात एकदा, रिकाम्या खोलीचं कुलूप काढताना गर्ग्यांच्या तोंडून ते सहज निघालं होतं. मग सवय लागली. ही गोष्ट त्यांनी फारूकला सांगितली नव्हती, बहिणीलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि लाज वाटावी एवढं मात्र होतं.

“काही नाही,” ते म्हणाले. “घरी आलो, एवढंच.”

“त्या म्हणतात, मी दर वेळी ‘हं’ म्हणते. तुम्हाला ऐकू येत नाही.”

६

जनरेटर बंद झाला. अबू फलाह तंबूच्या तोंडाशी आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. शेकोटीत निखारे उरले होते.

गर्गे पडद्याकडे पाठ करून पडले होते. दुसरं ब्लँकेट पायाशी तसंच घडी घालून ठेवलेलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. घेतलं तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटत होतं.

पलीकडे एकेक आवाज थांबत गेला. म्हातारी खोकली, कुणीतरी पाणी प्यायलं, भांडं ठेवलं. मग नुसते श्वास. त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा जवळ होता. इतका जवळ की गर्ग्यांनी आपलाच श्वास रोखून बघितला. तो चालूच राहिला. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, तेव्हा त्याने हळूच आपली लय जुळवून घेतली.

बऱ्याच वेळाने ते कुशीवर वळले. निखाऱ्यांच्या उजेडात पडद्याला फुगवटा दिसत होता. पलीकडून कुणीतरी पाठ टेकून झोपलं की कापड जसं येतं, तसा. खांद्यापासून कमरेपर्यंतची वळणं ओळखता येत होती.

आपण हात लावला नसता तर बरं झालं असतं, असं त्यांना नंतर पुष्कळदा वाटलं. पण लावला. जाड्याभरड्या विणीवर तळहात ठेवला. कापड ऊबदार होतं. हाताला जाणवेल इतकी ऊब, आणि खाली श्वासाची मंद हालचाल.

“कोण आहे?” ते पुटपुटले. मराठीत.

पाठ हलली. एका अंथरुणावर झोपलेलं माणूस दुसऱ्याला जागा व्हावी म्हणून अर्धवट झोपेत सरकतं, तशी ती थोडीशी पलीकडे सरकली.

गर्ग्यांनी हात ओढून घेतला आणि उठून बसले. पहाटेपर्यंत ते तसेच बसून होते, थंडीने कुडकुडत.

७

उजाडलं ते धुक्यात. चार पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. अबू फलाह उंटांकडे गेला असावा; त्याची गादी रिकामी होती. गर्ग्यांनी जोडे हातात घेतले, अनवाणीच गाडीपर्यंत गेले आणि तिथे उभ्या उभ्या पायात चढवले. निरोप न घेता जाणं म्हणजे या माणसाचा अपमान, हे त्यांना कळत होतं. त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिनाच्या आवाजासरशी तंबूच्या पलीकडच्या टोकाला हालचाल झाली.

“सर!” मुनीरा ओरडली. “सर, थांबा! त्या चपला घालतायत! एक मिनिट!”

गर्ग्यांनी काच पुसली. धुक्यात काळ्या आकृत्या उभ्या होत्या. एक बुटकी, वाकलेली. एक रुंद. एक सडपातळ, हात उंचावलेली. आणि चौथी, त्या रुंद आकृतीच्या खांद्यावर एक हात टेकवून, एक पाय उचलून, खाली बघत चपलेचा पट्टा ओढणारी. घाई नव्हती तिला. आपल्यासाठी कुणी थांबणार नाही, असं तिच्या मनातही नसावं.

ती मान वर करणार, एवढ्यात गर्ग्यांनी गाडी पुढे काढली.

८

फ्लॅटवर ते सकाळी नऊला पोचले. कुलूप काढलं. तोंड उघडलं आणि मिटलं. ते दोन शब्द त्यांच्या घशातून बाहेर येईनात.

आत सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी आंघोळ केली, चहा केला, बातम्या लावल्या. मग बातम्या बंद केल्या, कारण आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. तसा पूर्वी येत नसे. स्वयंपाकघरातला दिवा जळत होता. तो विसरायची त्यांची खोड होती, पण सकाळी तो नेहमी बंद असायचा, आणि तो कोण बंद करतं, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. विसरलो असं वाटतं, पण बंद केलेला असतो, एवढाच त्यांचा हिशोब.

दुपारी त्यांनी कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या. जेवण वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घालून ते तसेच बसले. भिंती पातळ झाल्या होत्या. रोज पाइपांना यंत्र लावणाऱ्या माणसाला कळावं, तसं त्यांना ते कळत होतं. बाहेरून सगळं जसंच्या तसं, आणि आतून काहीतरी निघून गेलेलं.

बावीस वर्षं आपण एकटे आहोत, असं ते समजत होते. एकटं असणं हे असं असतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

दोनच्या सुमारास फारूकचा फोन आला. बिल्कीस बरी होती, साखर उतरली होती एवढंच.

“गर्गेसाहेब, अबू फलाहचा फोन होता. लई भडकलाय. तुमी बाईला टाकून पळाला म्हणतो. कोन बाई? काय भानगड हाय?”

गर्गे ताटाकडे बघत होते.

“फारूकभाई,” ते म्हणाले, “त्यांना सांगा, माझी चूक झाली. माझ्याच घरची आहे. मी जाऊन घेऊन येतो.”

“तुमच्या घरची? अवो, पण...”

त्यांनी फोन ठेवला. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक वेडगळ गोष्ट केली. कपाटातली अर्धी जागा रिकामी केली, आपले शर्ट एका बाजूला सरकवले, आणि गाडीच्या किल्ल्या घेतल्या.

९

टायरच्या दुकानापासून कच्च्या वाटेला लागले, तेव्हा सूर्य कलला होता. भीती होतीच. पण तिच्या बरोबरीने दुसरंही काही होतं. समोर बसल्यावर काय बोलायचं, याची ते मनात जुळवाजुळव करत होते.

निम्म्या वाटेवर समोरून एक गाडी आली. पांढरी, त्यांच्यासारखीच, कुवेतमध्ये दर तिसरी गाडी तशी असते. वाट अरुंद होती म्हणून गर्ग्यांनी आपली गाडी कडेला घेतली. जाताना समोरच्या माणसाने आभारादाखल हात वर केला. मावळतीचं ऊन काचेवर होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. शेजारी बाई बसली होती. ती पूर्ण त्याच्याकडे वळून भरभरून काहीतरी सांगत होती आणि तो ऐकताना मान हलवत होता. गर्ग्यांनी हात वर केला. धुळीत ती गाडी दिसेनाशी झाली, तरी ते आरशात बघत राहिले. किती दिवसांत त्यांनी कुणाला असं कुणाशी बोलताना पाहिलं नव्हतं.

तंबूपाशी अबू फलाह त्यांना बघून हसत पुढे आला. राग नव्हता. त्याने हाक मारली तशी मुनीरा आणि तिची आई पलीकडच्या बाजूने बाहेर आल्या.

“सर, काही राहिलं का?” मुनीराने विचारलं.

“तिला न्यायला आलोय.”

मुनीराचे फक्त डोळे दिसत होते. ते बारीक झाले. “आत्ताच तर नेलंत.”

“मी?”

“अर्ध्या तासापूर्वी. तुम्ही आलात, वडिलांची माफी मागितलीत, बसून कॉफी घेतलीत. आजीच्या पाया पडलात. आम्हाला वाटलं होतं, तुम्हाला अरबी येत नाही. किती छान बोललात!” ती बोलता बोलता हळू झाली. “त्या बाहेर यायला तयार नव्हत्या. मग तुम्ही पडद्यापाशी उभं राहून त्यांना नावाने हाक मारलीत. नाव ऐकल्यावर त्या हसल्या आणि आल्या.”

“काय नाव?” गर्ग्यांनी विचारलं. “मुनीरा, काय नाव घेतलं मी?”

ती उत्तर देणार होती. पण अबू फलाहने हात वर करून तिला थांबवलं. तो जमिनीकडे बघत होता. उंटांचा माग काढण्यात जन्म गेलेला माणूस. त्याने गर्ग्यांच्या जोड्यांकडे बघितलं, मग तिथपासून तंबूच्या तोंडापर्यंत वाळूवर उमटलेल्या ठशांकडे, मग पुन्हा जोड्यांकडे. तो वाकला, एका ठशाच्या कडेला बोट टेकवलं आणि चटका बसावा तसं उचललं. ताठ झाला. तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत त्याने बायकोला आणि मुलीला आत जायची खूण केली. मुनीराने एकदा मागे वळून बघितलं. मग तीही गेली.

म्हाताऱ्याने गर्ग्यांना आत बोलावलं नाही. काल दोन्ही हातांत हात घेणारा तो माणूस पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे सरत तंबूत शिरला आणि त्याने पुढचं कापड खाली सोडलं. आतून दोरी बांधल्याचा आवाज आला.

गर्गे ठशांपाशी गुडघ्यांवर बसले. डाव्या पायाची टाच थोडी ओढून चालायची त्यांना खोड होती. इथे प्रत्येक डावा ठसा मागून तसाच खरवडलेला होता. त्यांनी आपलं पाऊल त्या ठशावर ठेवलं. कुठेही तसूभर कमी-जास्त झालं नाही. शेजारी लहान पावलं होती, त्याच्या पावलांना लागून. तंबूपासून गाडी उभी होती तिथपर्यंत दोन्ही माग बरोबर गेले होते. मधे एका जागी ती दोघं थांबलेली दिसत होती, समोरासमोर.

ते त्या जागी जाऊन उभे राहिले. ऊन गेलं. उंट बसले. तंबूत कुणी दिवा लावला नाही, कुणी बोललं नाही. मग उत्तरेकडून वारा सुटला, नेहमीचा, संध्याकाळचा. गर्ग्यांनी वाकून दोन्ही हातांनी आडोसा करून बघितला. तिची पावलं आधी पुसली गेली. ती हलकी होती. त्याची थोडा वेळ टिकली.